नदीतला मासा प्रयोगशाळेच्या टेबलावर: वर्षभराचा अभ्यास पायरीपायरीने

२०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांतलं विच्छेदन बंद करायला सांगितलं. निर्णय योग्य होता. दरवर्षी तेच प्राणी त्याच पद्धतीने कापले जायचे आणि त्यातून नवं काहीच कळत नव्हतं. पण त्यामुळे आज पीएचडीला किंवा संशोधन प्रकल्पावर रुजू होणाऱ्या अनेक मुलामुलींनी माशाचं पोट कधी उघडलेलंच नसतं. पहिल्या महिन्याचे नमुने टेबलावर येतात आणि हात थांबतो: आधी काय करायचं?

हा लेख त्यांच्यासाठी आहे. गोड्या पाण्यातल्या माशाच्या जीवशास्त्राला महागडी यंत्रं फार थोड्या ठिकाणी लागतात, पण कामाचा क्रम पदोपदी लागतो. क्रम चुकला की त्या माशातून मिळणारी माहिती कायमची जाते आणि मासा फुकट मेलेला असतो. आपण मारलेल्या प्रत्येक माशातून जे जे कळू शकतं ते सगळं काढून घेणं, हे मला या कामातलं पहिलं कर्तव्य वाटतं.

उदाहरणासाठी एकच मासा आणि एकच काम धरून चालू. मासा गारा मुल्या, सह्याद्रीतल्या खडकाळ ओढ्यांत सहज सापडणारा. बोटभर लांब, तोंड खालच्या बाजूला, हनुवटीखाली चकतीसारखा चोषक. या चोषकाच्या जोरावर तो वाहत्या पाण्यात दगडाला धरून राहतो आणि दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. काम असं: हा मासा वर्षभर काय खातो आणि अंडी कधी घालतो. तुमचा मासा मरळ असो, शिंगटा असो की वाम, कामाचा सांगाडा हाच राहतो.

प्रश्न ठरवा, मग माशाचं नाव पक्कं करा

‘अमुक नदीतील माशांचा अभ्यास’ हे प्रबंधाचं शीर्षक झालं, प्रश्न नव्हे. ‘गारा मुल्याची मादी वर्षातून एकदाच अंडी घालते की थोडी थोडी करून अनेकदा, आणि त्या काळात तिचं खाणं कमी होतं का?’ हा प्रश्न आहे. तो असा लिहिला की पुढचं बरंचसं आपोआप ठरतं. नमुने दर महिन्याला लागतील, लहान-मोठे सगळ्या आकारांचे लागतील, आणि प्रत्येक माशाचं आतडं आणि जननग्रंथी दोन्ही तपासाव्या लागतील. अशा कामात महिन्याला २५ ते ३० मासे घेण्याची पद्धत आहे. म्हणजे वर्षाला तीनशेच्या वर जीव. हा आकडा मार्गदर्शकांसमोर बसून आधी लिहून काढा. त्याहून कमी माशांत उत्तर मिळत असेल तर कमीच घ्या.

आता नाव. दख्खनचे मासे शास्त्राच्या नोंदीत आले ते प्रामुख्याने कर्नल विल्यम हेन्री साईक्स यांच्यामुळे. १८३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वर्णनांतली खुद्री, नुक्ता, मुल्या ही नावं आजही शास्त्रीय नावांत टिकून आहेत. पुढे मत्स्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस डे यांनी १८७२ मध्ये पुण्यातल्या नमुन्यांवरून इव्हेझार्डी नावाच्या चिमुकल्या माशाचं वर्णन केलं. भीमा, मुळा-मुठा, इंद्रायणी या नद्यांवर काम करणाऱ्यांसाठी ही जबाबदारीची बाब आहे. कित्येक जातींचं मूळ वर्णन याच पाण्यातल्या माशांवरून झालं आहे, त्यामुळे इथून नोंदवलेली चूक दूरवर पसरते.

नावं बदलतही राहतात. २०१२ मध्ये पुंटियस या मोठ्या प्रजातीचे अनेक तुकडे झाले आणि जुन्या शोधनिबंधांतला पुंटियस टिक्टो आता पेथिया टिक्टो झाला. इव्हेझार्डी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माशांत एकाहून अधिक जाती लपलेल्या होत्या, हे अलीकडे जनुकीय अभ्यासांतून कळलं. तेव्हा कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या ऑनलाइन सूचीत आजचं मान्य नाव तपासा आणि पहिल्या खेपेतले काही मासे वर्गीकरण जाणणाऱ्या व्यक्तीकडून पाहून घ्या. सहा महिन्यांनी ‘यात दोन जाती मिसळल्या आहेत’ असं कळलं तर तोवरचं सगळं मोजमाप बाद होतं.

परवानग्या

हे काम कंटाळवाणं आहे, पण नमुने आणण्याआधीच पुरं करायचं. विद्यापीठाच्या प्राणी नीतिमत्ता समितीकडे प्रस्ताव द्या. त्यात माशांची संख्या, ते मारण्याची पद्धत आणि तीच का निवडली हे स्पष्ट लिहा. ओढा अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात असेल तर वन विभागाची लेखी परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो, म्हणून अर्ज हंगामाच्या बराच आधी जाऊ द्या. धरणाच्या जलाशयात मासेमारीचा ठेका बऱ्याचदा स्थानिक सहकारी संस्थेकडे असतो. त्यांना विचारल्याशिवाय जाळं टाकू नका.

काही पाणी कागदावर राखीव नसलं तरी लोकांनी राखलेलं असतं. रायगड जिल्ह्यात काळ नदीवरच्या वाळण कोंडीत देवीचे म्हणून मासे पिढ्यान् पिढ्या जपले गेले आहेत. अशा डोहातून नमुना घ्यायचा नाही. तिथे बघायचं, मोजायचं, फोटो काढायचा.

ओढ्यावर

पोहोचल्यावर आधी पाणी मोजा, नंतर मासा. पाण्यात उतरून गाळ ढवळला की मोजमापाला अर्थ राहत नाही. तापमान, सामू, विद्युतवाहकता आणि विरघळलेला प्राणवायू जागेवरच मोजायचा. मीटर नसेल तर विंकलर पद्धतीने बाटलीत मँगेनस सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घालून प्राणवायू तिथेच बांधून घ्या, अनुमापन प्रयोगशाळेत करता येतं. दर महिन्याला वेळ एकच ठेवा. शेवाळ असलेल्या पाण्यात पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो आणि दुपारी वाढतो. एका महिन्यात सकाळी आणि पुढच्या महिन्यात दुपारी मोजलंत तर तुम्ही ऋतूतला फरक मोजत नसून दिवसातला फरक मोजत असता.

पकडण्यासाठी फेकजाळं म्हणजे कोकणातला पाग, आणि दगडांच्या आडोशाला हातजाळी. जाळ्याचा आस, म्हणजे भोकांचा आकार, किती आहे ते वहीत लिहाच. मोठ्या आसातून लहान मासे निसटतात, मग ‘मासा किती लांबीला प्रौढ होतो’ या प्रश्नाचं उत्तर आधीच बिघडलेलं असतं. दोन वेगळ्या आसांची जाळी वापरा आणि दर महिन्याला फेकींची संख्या सारखी ठेवा.

तिथल्या मासेमाराला सोबत घ्या. कुठल्या खळाळात कुठला मासा बसतो, पाणी कधी गढूळ होणार, कुठे पाय ठेवायचा नाही, हे त्यांना ठाऊक असतं. त्यांच्या दिवसाची मजुरी प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात आधीच धरा आणि शोधनिबंधात नावानिशी आभार माना. मात्र ब्लीचिंग पावडर टाकून किंवा सुरुंग उडवून मारलेले मासे कुणी आणून दिले तरी घेऊ नका. पाण्यात विष टाकून किंवा स्फोट करून मासे मारणं १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा आहे.

हंगामाचं वेळापत्रक सरळ बारा महिन्यांचं नसतं. पहिल्या मोठ्या पावसात मासे प्रवाहाविरुद्ध चढू लागतात, हेच ते चढणीचे किंवा वलगणीचे मासे. आपल्याकडच्या अनेक गोड्या पाण्यातल्या माशांचा प्रजननाचा काळ याच सुमाराला येतो. महिन्यातून एकदाच गेलात तर दोन फेऱ्यांच्या मधे सगळं उरकलेलं असेल. म्हणून जून-जुलैत दर पंधरा दिवसांनी जा. त्याच दिवसांत ओढ्याला अचानक लोंढा येतो, तेव्हा एकट्याने उतरायचं नाही आणि वर डोंगरावर पाऊस दिसला की बाहेर यायचं. उलट एप्रिल-मेमध्ये ओढे तुटून नुसते डोह उरतात आणि सगळे मासे त्यांत कोंडलेले असतात. जाळं एका फेकीत भरतं. अशा वेळी हात आखडता घ्या, कारण पावसाळ्यात त्या ओढ्यात पुन्हा मासे भरणार ते याच डोहांतून.

ठरवलेल्या संख्येपेक्षा जास्त आलेले आणि इतर जातींचे मासे लगेच सोडून द्या. चिलापी, गप्पी यांसारखे बाहेरून आलेले मासे सापडले तर त्यांची वेगळी नोंद करा. ती माहितीही मोलाची असते.

मारणं

हा भाग टाळून पुढे जाता येत नाही. हवेत तडफडवून किंवा जिवंतपणी फॉर्मलिनमध्ये टाकून मासा मारणं क्रूर आहे. शिवाय तडफडताना मासे पोटातलं ओकतात आणि शरीर आकसून वाकडं होतं, म्हणजे अभ्यासाचंही नुकसान. सर्वांत भरवशाचं भूलद्रव्य एमएस-२२२. मारण्यासाठी त्याची मात्रा लिटरला निदान २५० मिलिग्रॅम हवी. ते पाण्यात आम्लता आणतं, म्हणून सोबत निदान तेवढाच खाण्याचा सोडा घाला. कल्ल्यांची झाकणं हलायची थांबल्यावरही आणखी दहा मिनिटं मासा त्यातच राहू द्या. लवंगेचं तेल स्वस्त आणि सहज मिळणारं आहे. ते पाण्यात मिसळत नाही, म्हणून आधी अल्कोहोलमध्ये विरघळवा, आणि मात्रा नीतिमत्ता समितीने मान्य केलेलीच वापरा.

मेल्यानंतरही आतड्यातलं पचन चालूच राहतं. खाण्याचा अभ्यास असेल तर मासे लगेच बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी उघडा. ‘उद्या बघू’ म्हटलं की आतड्यात ओळखू न येणारा लगदा उरतो.

टेबलावर: एका माशाचा क्रम

दोघं बसा. एकाचे हात ओले, दुसऱ्याच्या हातात पेन्सिल. कापणारा आकडा मोठ्याने सांगतो, लिहिणारा तो लिहून पुन्हा मोठ्याने वाचून दाखवतो. सुरुवातीला संकोच वाटतो, पण ३.८४ आणि ८.३४ यांतला गोंधळ याच सवयीने टळतो.

सगळ्यांत आधी क्रमांक. ओढ्याची खूण, महिना आणि माशाचा अनुक्रम, उदाहरणार्थ ‘माव-०७-१४’. या माशाचा फोटो, पराचा (पंखाचा) तुकडा, खवला, आतडं, अंडाशय, कर्णाश्म (कानातले खडे), काचपट्टी या सगळ्यांवर पुढे हाच क्रमांक जाणार. लेबल जाड ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीने किंवा इंडियन इंकने लिहा आणि बाटलीच्या आत टाका. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि बाहेर चिकटवलेली लेबलं कधीतरी सुटतातच.

मग फोटो. मेल्यावर रंग मिनिटागणिक उतरतो. मासा डोकं डावीकडे करून ठेवा, पर टाचण्यांनी पसरा, शेजारी मोजपट्टी आणि क्रमांक. गारा मुल्याचा आणखी एक फोटो पोटाच्या बाजूने हवा, कारण ओळख त्या चोषकावर आणि थुतणीवरच्या, म्हणजे तोंडाच्या पुढच्या टोकावरच्या, खाचा-गाठींवर ठरते.

तिसरं काम डीएनएसाठी उजव्या बाजूच्या पराचा तुकडा. तांदळाच्या दाण्याएवढा पुरतो. तो शुद्ध अल्कोहोलमध्ये टाका. हे फॉर्मलिनच्या आधीच व्हायला हवं, कारण फॉर्मलिनमध्ये डीएनएचे तुकडे पडतात आणि मग तो वाचणं फार अवघड होतं. प्रत्येक माशानंतर कात्री अल्कोहोलने पुसून ज्योतीवर धरा, नाहीतर चौदाव्या माशाचा डीएनए पंधराव्यात मिसळेल.

चौथं मोजमाप. मासा टिपकागदावर हलकेच टिपून मग काट्यावर ठेवा. आठ ग्रॅमच्या माशावर दशांश ग्रॅम पाणी राहिलं तरी चूक एका टक्क्याच्या वर जाते. लांबी दोन प्रकारची घ्या: थुतणीपासून शेपटीच्या टोकापर्यंतची एकूण लांबी आणि थुतणीपासून शेपटीचा पर सुरू होतो तिथपर्यंतची प्रमाण लांबी. शेपटीचा पर बऱ्याचदा फाटलेला असतो, म्हणून तुलनेसाठी दुसरी जास्त विश्वासाची. डिजिटल व्हर्नियर, नेहमी डावी बाजू, बिंदूपासून बिंदूपर्यंत सरळ रेषेत. परांतली किरणं, म्हणजे काड्या, मोजताना पाठीच्या आणि गुदाजवळच्या पराची शेवटची दोन किरणं एकाच मुळातून निघतात, ती मिळून एक धरतात. मोजमापं सर्व महिने एकाच व्यक्तीने घ्यावीत. दोघांनी घेतलीच, तर काही मासे दोघांनीही स्वतंत्रपणे मोजून फरक किती पडतो ते आधी पाहा.

पाचवं खवले. पाठीच्या पराखाली, पार्श्वरेषेच्या (अंगाच्या बाजूने जाणाऱ्या रेषेच्या) वरच्या जागेतून पाच-सहा खवले काढून कागदाच्या छोट्या पाकिटात ठेवा.

सहावं पोट उघडणं. गुदद्वारापासून पुढे कल्ल्यांच्या दिशेने छोट्या कात्रीने छेद घ्यायचा, टोक वर उचलून धरायचं म्हणजे आतडं कापलं जात नाही. नमुना संग्रहालयात जाणार असेल तर छेद उजव्या बाजूने घ्या आणि डावी बाजू अखंड ठेवा. आत पाहिल्याबरोबर आधी फोटो घ्या. शेवाळ खाणाऱ्या अनेक कार्पांत पोटाचं अस्तर काळं असतं, आणि आत घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली लांबच लांब आतडी दिसतात. पाठीकडच्या बाजूला, वाताशयाच्या (हवेच्या पिशवीच्या) खाली दोन्ही अंगांना जननग्रंथी असतात. लिंग आणि ग्रंथीची अवस्था लगेच लिहा: अपरिपक्व, वाढती, पक्व की अंडी घालून रिकामी. फॉर्मलिनमध्ये गेल्यावर पारदर्शकपणा आणि रंग जातो, मग हा निर्णय धड घेता येत नाही. ग्रंथी अलगद सोडवून ०.००१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर तोला. दोन दशांश ग्रॅमच्या अंडाशयाला साधा काटा उपयोगाचा नाही.

सातवं, वय पाहायचं असेल तर कर्णाश्म. कवटीच्या तळाशी बसलेले चुनखडीचे हे चिमुकले खडे आम्लधर्मी फॉर्मलिनमध्ये झिजतात, म्हणून तेही आधीच काढायचे. समुद्री माशांवरची वर्णनं वाचून लोक सॅजिटा नावाचा खडा शोधत बसतात. कार्प आणि मार्जारमाशांच्या गटात सॅजिटा सुईसारखा बारीक असतो, वयासाठी लॅपिलस किंवा अॅस्टेरिस्कस हे दुसरे खडे पाहतात. आमच्याकडच्या पाण्यात कडक हिवाळा नसल्याने वर्षाची वलयं स्पष्ट पडतीलच असं नाही. एक वलय म्हणजे एक वर्ष हे गृहीत न धरता, कोणत्या महिन्यात खवल्याच्या किंवा कर्णाश्माच्या कडेला नवं वलय दिसतं ते बारा महिने पाहून ठरवा.

आणि सर्वांत शेवटी परिरक्षण. बाजारातलं फॉर्मलिन एक भाग आणि पाणी नऊ भाग, आम्लता मारायला चिमूटभर बोरॅक्स. आठवडाभराने पाण्यात धुवून टप्प्याटप्प्याने ७० टक्के अल्कोहोलमध्ये. फॉर्मलिन कर्करोगकारक आहे. धूर ओढून घेणारं कपाट आणि नायट्राइलचे हातमोजे यांशिवाय बाटली उघडायची नाही, मग प्रयोगशाळेतले ज्येष्ठ काहीही म्हणोत.

आतड्यातला हिशेब

कार्प कुळातल्या माशांना जठरच नसतं. त्यामुळे ‘जठरातलं अन्न’ या शीर्षकाचे तक्ते इथे चालत नाहीत. आतड्याचा पुढचा तिसरा भाग घ्या, तिथलं अन्न सर्वांत कमी पचलेलं असतं. आधी आतडं पाण्यात भिजवून न ताणता सरळ करा आणि लांबी मोजा. तिला माशाच्या लांबीने भागलं की सापेक्ष आतडं-लांबी मिळते. ढोबळमानाने ती एकाच्या खाली असेल तर मासा मांसाहारी, तीनच्या वर गेली तर वनस्पती-शेवाळाहारी. गाराचा आकडा पाहून पहिल्यांदा कुणालाही आपण चुकीचं मोजलं असं वाटतं.

आतलं अन्न ठरावीक पाण्यात मिसळून सेजविक-राफ्टर पेशीत, म्हणजे मोजणीच्या काचपट्टीवरच्या खाचेत, घाला. तिच्यात बरोबर एक मिलिलिटर मावतं आणि तळावर एक हजार चौकटी असतात. डायटम (सूक्ष्म एकपेशी शेवाळ), हिरवं शेवाळ, निळं-हिरवं शेवाळ, किड्यांचे अवशेष, वाळू असे गट करून मोजा. नोंद दोन प्रकारे ठेवा: किती टक्के माशांत ही वस्तू सापडली, आणि एकूण अन्नात तिचं प्रमाण किती.

इतकं करून बरेच जण थांबतात, आणि गोष्ट अर्धी राहते. मासा डायटम खातो म्हणजे त्याला ते आवडतात, की दगडावर तेवढंच असतं? हे कळायला त्याच दिवशी, त्याच खळाळातल्या दगडांचा ठरावीक चौरस ब्रशने खरवडून त्यातलं शेवाळही मोजावं लागतं. मग इव्हलेव्हचा निवड-निर्देशांक काढता येतो: आहारातलं प्रमाण वजा परिसरातलं प्रमाण, भागिले दोन्हींची बेरीज. उत्तर उणे एक ते अधिक एक यांमध्ये येतं. शून्याच्या आसपास म्हणजे मिळेल ते खातो, एकाजवळ म्हणजे शोधून खातो. एका ब्रशाने आणि अर्ध्या तासाच्या कामाने अभ्यासाची किंमत कुठल्या कुठे जाते.

अंडाशय

जननग्रंथीचं वजन भागिले शरीराचं वजन, गुणिले शंभर. हा जननग्रंथी निर्देशांक महिन्यागणिक आलेखावर मांडला की तो चढत जातो आणि अंडी घातल्यावर एकदम कोसळतो. तो उतार म्हणजे प्रजननाचा काळ. नर-मादींचे आलेख वेगळे काढा.

एकदा की अनेकदा, या आपल्या मूळ प्रश्नाचं उत्तर मात्र अंड्यांच्या व्यासात असतं. अंडाशयाच्या पुढच्या, मधल्या आणि मागच्या भागातून छोटे तुकडे घ्या, अंडी सुटी करा आणि सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रिकेतल्या सूक्ष्ममापीने व्यास मोजा. अंडी पूर्ण गोल नसतात, म्हणून ती जशी पडली असतील तशीच, एकाच आडव्या दिशेने मोजायची. पक्व मादीच्या आलेखात पिवळा बलक भरलेल्या अंड्यांचा एकच उंचवटा दिसला तर ती बहुधा सगळी अंडी एकदम घालते. दोन-तीन उंचवटे असतील तर हप्त्यांनी. जननक्षमता, म्हणजे मादीत एकूण किती अंडी आहेत ते, काढायलाही हेच तुकडे वापरा: तोलायचं, बलकाची अंडी मोजायची आणि पूर्ण अंडाशयाच्या वजनावरून गुणाकार करायचा.

दर महिन्याच्या दोन-तीन ग्रंथींचे ऊतीछेदही (सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे पातळ काप) करून घ्या, डोळ्यांनी ठरवलेल्या अवस्था तिथे पडताळता येतात. ऊती टिकवणाऱ्या बुआँ द्रावणात सुमारे एक दिवस, नंतर पिवळेपणा जाईपर्यंत ७० टक्के अल्कोहोल, मग पॅराफिन, पाच मायक्रॉनचे छेद, त्यांना हिमॅटॉक्सिलिन-इओसिन हे रंग. बुआँमधलं पिक्रिक आम्ल वाळलं की स्फोटक होतं. बाटलीच्या झाकणाभोवती पिवळे खडे जमलेले दिसले तर ती उघडायचा प्रयत्न करू नका, सुरक्षा अधिकाऱ्यांना बोलवा.

जिवंत मासे ठेवायचे असतील तर

चोषकाचा वापर किंवा खाण्याची पद्धत पाहायला टाकी लागते. टाकी मांडली आणि मासे सोडले असं चालत नाही. गाळणीत अमोनिया पचवणारे जिवाणू वसायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर मासे आणू नका. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन सोडियम थायोसल्फेटने काढा. नवे मासे दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. गारा ओल्या काचेवर चोषक टेकवत वर चढतो, तेव्हा झाकण हवंच, आणि त्याला प्रवाह आणि शेवाळलेले दगड लागतात. आणताना पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि बाकी प्राणवायू भरा. वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा पंप आणि दिवाळीच्या सुट्टीत कोण येणार याची यादी, या दोन गोष्टी पहिल्या दिवशीच ठरवा.

संप्रेरकं टोचून प्रजनन करायचं असेल तर ते स्वतंत्र काम आहे. भारतीय कार्पांत ते १९५७ मध्ये ओडिशात हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी साधलं, आणि १० जुलै हा दिवस त्या आठवणीने राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. रोहू-कटल्याची अंडी उबदार पाण्यात दिवसभराच्या आतच फुटतात, त्यामुळे भ्रूणाच्या अवस्था टिपायच्या तर रात्रपाळ्या लावाव्या लागतात.

प्रयोग संपल्यावर टाकीतले मासे नदीत सोडायचे नाहीत. टाकीतले रोग नदीत जातात.

आकडेमोड

संगणकावर सूत्र चालवण्याआधी प्रत्येक मासा आलेखावर ठिपका म्हणून पाहा. रांगेबाहेरचा ठिपका दिसला की क्रमांक घेऊन वहीत जा, तिथून फोटोकडे, तिथून बाटलीकडे. हे करता यावं म्हणूनच सुरुवातीला क्रमांकावर एवढा भर दिला.

लांबी-वजनाचं नातं असं: वजन बरोबर एक स्थिरांक गुणिले लांबीचा घात. दोन्ही बाजूंचे लॉग घेतले की सरळ रेषा मिळते आणि तिचा उतार म्हणजे तो घातांक. तो तीनच्या जवळ असेल तर मासा सगळ्या बाजूंनी सारख्या प्रमाणात वाढतो. पण ३.०६ आलं म्हणून ‘तीनपेक्षा जास्त’ असं लिहू नका. विश्वास-अंतर (कॉन्फिडन्स इंटरव्हल) काढा, त्यात तीन बसत असेल तर फरक सिद्ध झालेला नाही. पक्व मादीचं वजन अंड्यांमुळे वाढतं, म्हणून नर-माद्या एकत्र करण्याआधी दोन रेषा वेगळ्या आहेत का ते तपासा. लिंग-गुणोत्तराला काय-वर्ग चाचणी पुरते. महिन्यांची तुलना करताना निर्देशांकांचं वितरण क्वचितच सममित असतं, तिथे क्रुस्कल-वॉलिससारखी क्रमांकांवर आधारलेली चाचणी बरी.

पराच्या तुकड्यांतून, जात ओळखायला वापरल्या जाणाऱ्या सीओआय जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा भाग वाचून घ्या. तो जागतिक विदागारातल्या नोंदींशी ताडून पाहताना सावध राहा. तिथे चुकीच्या नावाने टाकलेल्या नोंदीही आहेत. ९९ टक्के जुळलं म्हणजे ओळख पटली असं होत नाही. ती नोंद ज्या माशावरून झाली तो कुठल्या नदीतला होता आणि आज कुठल्या संग्रहात आहे, हे पाहा.

नमुने जमा करणं

काम संपल्यावर बाटल्या कपाटात ठेवून देण्याची सवय आपल्या विद्यापीठांत फार आहे. मार्गदर्शक निवृत्त होतात, अल्कोहोल उडून जातं, आणि एक दिवस कुणीतरी ते वाळलेले मासे फेकून देतं. मग तुमच्या निबंधातली जात खरोखर तीच होती का, हे कुणालाही तपासता येत नाही. ज्यांच्या बाजू अखंड आहेत असे सहा-आठ मासे, नर-माद्या दोन्ही, भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या आकुर्डी इथल्या पश्चिम विभागीय केंद्रात किंवा मुंबईत बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) संग्रहात जमा करा. आधी पत्र लिहून त्यांच्या नोंदवहीचा नमुना मागवा. जागेचे अक्षांश-रेखांश, तारीख, जाळ्याचा प्रकार आणि पकडणाऱ्यांची नावं लागतात, ती तुमच्या वहीत असतीलच. नोंदणी क्रमांक हातात आल्यावर तो निबंधाच्या ‘साहित्य व पद्धती’ या भागात, डीएनएच्या नोंदीत आणि बाटलीतल्या लेबलवर अशा तिन्ही ठिकाणी लिहा, आणि मगच हस्तलिखित नियतकालिकाकडे पाठवा.